प्रिय शालन, एकदा 88वं स्तोत्र वाच

अहिल्यानगर (मी अजून नगरच म्हणते)
12 ऑगस्ट

प्रिय शालन,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. मोबाइलच्या काळात तू हाताने पानंच्या पानं लिहिलीस, म्हणजे फोनवर बोलता येईना इतकं आत साचलं असणार. तुझ्या आईचं आजारपण आणि जाणं मी लांबूनच पाहिलं, पण नोकरी, दवाखाना आणि तिचं अंथरूण यांत तू कशी पिचून गेलीस ते मला ठाऊक आहे. त्यामुळे "मंडळीत जाते, महिला सभेत प्रार्थनाही चालवते, पण बायबल उघडलं की नुसती अक्षरं दिसतात" हे वाचून मला काही धक्का बसला नाही. पुढे तू विचारलंस, "माझा विश्वास आटला का गं?" मी काही पाळकसाहेब नाही, पण मला विचारशील तर नाही, आटलेला नाही. तू दमली आहेस. आणि दमलेल्या माणसाशी देव कसा वागतो ते शास्त्रातच लिहून ठेवलंय.

1 राजे, 19वा अध्याय काढ. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलेला एलीया संदेष्टा, ईजबेल राणीच्या एका धमकीने जीव घेऊन पळतो. बैर-शेब्याला गड्याला मागे ठेवतो, एकटाच दिवसभर रानात चालतो आणि एका झुडपाखाली बसून म्हणतो, देवा, आता पुरे, माझा प्राण घे. त्यावर देवदूत काय करतो? त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो! मला ही जागा फार आवडते. देवदूत रागावत नाही. पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, वर म्हणतो की तुला लांबचा पल्ला आहे. होरेब डोंगरावर एलीयाला ऐकू आलेली देवाची ती सुप्रसिद्ध मंद वाणी पुढे, चाळीस दिवसांनी. आधी झोप आणि भाकर.

आपल्याकडे हे उलटं चालतं. मातीहून घरी येत नाही तोच माणसं वचनं ऐकवायला लागतात. तू लिहिलंस की जो भेटायला आला त्याने रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायातलं तेच वचन म्हणून दाखवलं, सर्व गोष्टी मिळून कल्याणाच्याच होतात म्हणून. शेवटी शेवटी तुला ते ऐकून कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं. मला हसू आलं, माफ कर. पण शालन, तो अध्याय तू थोडा वरून वाचलास का? पत्र लिहिणारा पौल आधी म्हणतो की सगळी सृष्टी कण्हते आहे. मग म्हणतो, आपणही आतल्या आत कण्हतो. मग तर म्हणतो की आपल्याला प्रार्थना कशी करावी हेच कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. एवढं तीनदा कण्हून झाल्यावर अठ्ठाविसावं वचन येतं. लोकांनी तुला ते तेवढंच तोडून दिलं. वचन खोटं नाही, पण अर्ध्या अध्यायावाचून ते टोचतं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून जरा ऐक. बोर्डिंगमध्ये आपण दर रविवारी मुखपाठाचं वचन पाठ करायचो. त्याचा मला फायदाच झाला, अजूनही अंधारात दिवा लावल्यासारखी एखादी ओळ आठवते. पण मोठेपणीही आपण तसंच वाचत राहिलो, सुटं सुटं. कॅलेंडरवरचं वचन, वाढदिवसाच्या कार्डावरचं वचन, सकाळी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या चित्रावर आलेलं वचन. यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं ते हिताच्या संकल्पांचं वचन बघ, प्रत्येक पदवीदान समारंभाला हजर! ते मुळात बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना धाडलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत सांगितलंय की सत्तर वर्षं भरेपर्यंत सुटका नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकजण तिथेच मरणार होते. त्यांना सांगितलं होतं की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. मला तर पूर्ण पत्र वाचल्यावर ते वचन जास्त भारी वाटलं.

आणि "रोज सकाळी नवी होते" ती देवाची दया. आपल्या मंडळीत हे गीतही म्हणतात, साक्षीतही सांगतात. ते आहे कुठे? विलापगीताच्या बरोबर मध्यभागी. यरुशलेम पडलंय, मंदिर जळालंय, रस्त्यावर पोरं भुकेने कोसळतायत. पाच अध्यायांचं पुस्तक, त्यातले पहिले चार इब्री वर्णमालेच्या क्रमाने रचलेले, जणू रडायचं तरी अ पासून ज्ञ पर्यंत, काही सुटायला नको. तिसऱ्या अध्यायात आशेचा तो उजेड येतो आणि चौथ्यात परत राखच. शेवटच्या अध्यायात "आमचे दिवस पूर्वीसारखे नवे कर" अशी विनवणी आहे, पण पुस्तक तिथेही थांबत नाही. त्यापुढची ओळ अशी, की तू आम्हांला अगदीच टाकून दिलं आहेस? प्रश्नावर पुस्तक संपतं. नवीकरणाची प्रार्थना आणि ही शंका शेजारी शेजारी ठेवलेली. पुस्तक ज्यांनी जपून ठेवलं त्यांनी शेवट गोड करून घेतला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता सासूबाईंचं सांगते. काचबिंदूने त्यांची नजर गेली, हे तुला माहीतच आहे. त्यांची आई गावोगाव फिरून बायकांना बायबल वाचून दाखवणारी "बायबल स्त्री" होती, त्यामुळे शास्त्र कानाने घ्यायची त्यांना लहानपणापासून सवय. रात्री भांडी झाली की मी त्यांच्या पलंगाजवळ खुर्ची ओढते. त्यांचंच बायबल, काळं रेक्झिनचं, कोपऱ्यांना खोबरेल तेलाचे डाग, समासात पेन्सिलीने तारखा टाकलेल्या. कुठे बाळंतपण, कुठे दुष्काळ, कुठे नुसतंच "रात्री". भराभर वाचलं की म्हणतात, "दम खा, गाडी चुकत नाहीये." शब्द बदलला तर लगेच टोकतात, जुनं भाषांतर त्यांना पाठ आहे.

भाऊ गेल्यानंतर माझंही तुझ्यासारखंच झालं होतं. वाचायचे ते सासूबाईंसाठी, कर्तव्य म्हणून. स्तोत्रसंहिता क्रमाने चालली होती आणि एका रात्री 88वं आलं. दिवस-रात्र तुझ्यापुढे ओरडतो, जिवाला क्लेशांनी भरून टाकलंय, तू माझ्या माणसांना माझ्यापासून दूर केलंस. असं वाचत गेले आणि शेवटचा शब्द अंधाराचा. मी पान उलटायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "संपलं?"

"संपलं."

"शेवटी स्तुती नाही?"

"नाही. अंधारच आहे."

तोंडातली लवंग इकडची तिकडे करत त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं केलं त्याने. खोटं नाही लिहिलं. परत वाच."

परत वाचताना मला पहिल्यांदा पहिली ओळ दिसली. हा माणूस सुरुवातच "माझ्या उद्धारक देवा" अशी हाक मारून करतो. पुढचं सगळं गाऱ्हाणं त्यालाच सांगतोय, पाठ फिरवून नाही. सकाळी तोंड धुतल्यावर तेच, दिवसा तेच, रात्री तेच. आणि हे गाऱ्हाणं गायकांच्या हाती दिलेलं आहे, मंदिरात म्हणायला! 150 स्तोत्रांतली सुमारे एक तृतीयांश तरी अशी रडगाऱ्हाण्याची आहेत. आपण उपासनेला निवडतो मात्र 23वं, 100वं, 121वं. मग रडत आलेल्या बाईला वाटतं, आपल्याला इथे म्हणायला काहीच नाही.

त्या रात्री माझ्या अंगावर काटा आला नाही, की डोळ्यांत पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मला आपणहून खुर्ची ओढावीशी वाटली, इतकंच. पण तिथून पुढे बदल होत गेला. संजीवन सभांमध्ये जे लखलखीत काही होतं ते काहींचं खरंही असेल, मी कुणाला नावं ठेवत नाही. माझं तसं झालं नाही. मला तर असंच वाटतं की बहुतेकांचं असंच हळू होत असावं आणि ते साक्षीत सांगण्यासारखं नसल्यामुळे कुणी सांगत नाही.

पंडिता रमाबाईंचंही बघ ना. बोर्डिंगच्या सहलीला आपण केडगावला गेलो होतो (आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं) तेव्हा सगळं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांवर होतं. आता वाचते तेव्हा थक्क होते. एवढी संस्कृत पंडिता, लूकचं शुभवर्तमान हाती पडल्यावर ओढली गेली, 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. आणि नंतर स्वतःच्या साक्षीत लिहिते की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. तो उमगायला पुढे आठेक वर्षं गेली. आठ वर्षं, शालन! आणि या काळात ती हात जोडून बसली नव्हती, 1889 मध्ये तिने विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं. 1905 मध्ये केडगावच्या तिच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या संजीवनाबद्दल सगळे बोलतात. मला त्यानंतरची रमाबाई जास्त जवळची वाटते, इब्री आणि ग्रीक शिकून, अडाणी बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवत बसलेली. 1921 मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी. आईने काम सोडलं नाही. ते हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 ला तीही गेली. मुक्तीच्याच छापखान्यात ते बायबल छापलं गेलं. मुलीच्या मरणानंतर त्या कागदांवर वाकून बसताना तिला रोज काही "वाटत" असेल असं मला तरी वाटत नाही. ती पुढची ओळ लिहीत राहिली.

आता तू विचारशील की मी करू काय. मोठाले बेत करू नकोस. वर्षात बायबल संपवण्याचा तक्ता तर मुळीच आणू नकोस, दोन दिवस राहिले की कर्जाच्या हप्त्यासारखा मागे लागतो. स्तोत्रसंहिता पहिल्यापासून घे, रोज एक, मोठ्याने. नावडतं आलं तरी गाळायचं नाही. शत्रूंचे दात पाड म्हणणारं आलं तरी नाही. आमच्या शाळेत वसईची एक बाई होती, कॅथलिक, ती सांगायची की संत बेनेडिक्टने मठांसाठी घालून दिलेल्या नियमात आठवड्यात सगळी 150 स्तोत्रं म्हणायला सांगितलंय, मन असो वा नसो. तेव्हा मला ते यांत्रिक वाटलं होतं. आता वाटतं की मन नसेल त्या दिवसांसाठीच तो नियम असणार. आणि 119वं आलं की एका दिवसात संपवू नकोस. आठ-आठ वचनांची बावीस कडवी आहेत, रोज एक कडवं घे. तिथेही बघ, देवाच्या वचनावर इतकी प्रीती करणारा माणूस सारखा म्हणतो की माझा जीव धुळीला चिकटलाय, तुझ्या वचनाप्रमाणे मला नवजीवन दे. शेवटच्या वचनात तर तो चुकलेलं मेंढरू आहे आणि म्हणतो, मला शोध. 176 वचनं झाल्यावरही!

एकटी वाचू नकोस, जमलं तर. तुझ्या खालच्या मजल्यावर ती निवृत्त नर्स राहते ना, तिला बोलाव. चहा कर. तिने एक वचन, तू एक. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री यरुशलेमेच्या पाणीवेशीपुढच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, बाया-पुरुष सगळे उभे राहून ऐकतात, लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, अर्थ समजावून सांगतात. लोक ऐकता ऐकता रडायला लागतात. तेव्हा त्यांना सांगतात, आज रडू नका. घरी जा, चांगलं चुंगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याला ताट पाठवा. आणि दुसऱ्या दिवशी घराण्यांचे वडील, याजक आणि लेवी परत येतात, आणखी ऐकायला. मग नियमशास्त्रात मंडपांचा सण त्यांना सापडतो आणि धाब्यांवर फांद्यांचे मांडव पडतात. मला यातलं ते ताट पाठवणं विसरता येत नाही. तुझ्या आईच्या आजारपणात तुला कुणी असं ताट पाठवलं होतं का, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी पुण्याला यायला हवं होतं असंही वाटलं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी येते, चार दिवस राहते. स्वयंपाक माझा. सासूबाईंना नणंद सांभाळेल, तिचं कबूल करून घेतलंय. तोपर्यंत तू 41व्या स्तोत्रापर्यंत, म्हणजे पहिल्या भागाच्या शेवटापर्यंत, आरामात पोचशील. मधे खाडे झाले तर झाले, जिथे होतीस तिथूनच पुढे वाच. 88वं मात्र क्रमाची वाट न बघता आजच वाचून घे. आवडलं नाही तरी मला कळव.

लिंबाचं लोणचं एसटीने पाठवलंय, स्वारगेटला तुझ्या भाच्याला उतरवून घ्यायला सांग. झाकण सैल आहे, उभंच ठेवा म्हणावं.

तुझी,
मालती

ता. क. सासूबाई विचारतात, आईच्या बायबलाचं काय केलंस? कपाटात ठेवलं असशील तर काढ म्हणाल्या, आणि समासात काय काय लिहिलंय ते फोनवर वाचून दाखव.