छोट्या दुकानाकडून मोठ्या दुकानाच्या अपेक्षा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गिऱ्हाइकामुळेच दुकान चालते हे आम्हा किरकोळ दुकानदारांना कोणी सांगावे लागत नाही, आणि बहुतेक गिऱ्हाइके समजूतदार असतात हेही मी आधीच नमूद करतो. तरीही मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन खरेदीत लागलेल्या सवयी घेऊन माणसे आमच्या दारात येतात, तेव्हा जो मनस्ताप होतो त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

ठरलेली किंमत आणि न आवडलेली वस्तू बदलून किंवा परत घेण्याची मुभा या सोयी मोठ्या दुकानांमुळे रूढ झाल्या. 1852 मध्ये पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झालेल्या अरिस्तीद बुसिको यांचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. पण परत आलेल्या मालाचा तोटा अशा दुकानाच्या प्रचंड उलाढालीत विरघळतो. माझ्याकडे वेष्टन फोडलेली, दोन दिवस वापरलेली वस्तू परत आली, तर ती पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही, घाऊक व्यापारी ती घेत नाही आणि तिचे पैसे माझ्याच गल्ल्यातून जातात. वस्तू सदोष असेल तर ती बदलून देणे माझे कर्तव्यच आहे. मात्र 'आता नको वाटते' एवढ्या कारणासाठी पावतीही न आणता हुज्जत घालणाऱ्याला काय सांगावे, हे मला अजून उमगलेले नाही.

दुसरा अनुभव अधिक जिव्हारी लागतो. चार-पाच प्रकार काढून दाखवायला लावायचे, कोणता टिकेल, कोणता कशासाठी योग्य हे सविस्तर विचारून घ्यायचे आणि शेवटी मोबाइलवरची किंमत पुढे करून "तुम्ही लुटता" असे ऐकवायचे. जिथे स्वस्त मिळेल तिथे घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु समोर दाखवलेली ती किंमत पुष्कळदा माझ्या खरेदीच्या दराहूनही कमी असते, आणि ज्याच्या वेळेचा व माहितीचा आपण आत्ताच फायदा घेतला त्यालाच लुटारू ठरवणे अन्यायाचे आहे.

उधारीचे दुखणे जुनेच आहे. मागितली तर गिऱ्हाईक तुटते, न मागितली तर भांडवल अडकते, आणि पैसे थकवणारा पुढची रोख खरेदी शेजारच्या दुकानातून करतो.

या सगळ्यात सर्वाधिक सोसावे लागते ते हाताखाली काम करणाऱ्यांना. मालकाशी अदबीने बोलणारी व्यक्ती, मालक आत गेला की मदतनीस मुलीला एकेरीत हाक मारते, सुट्टे पैसे नाहीत म्हणून तिच्यावर डाफरते; दर ठरवणे, माल परत घेणे यांपैकी काहीच तिच्या हातात नसताना राग मात्र तिच्यावर निघतो. ही गोष्ट किरकोळ नाही, हे इतरत्र ओळखले गेले आहे. स्कॉटलंडमध्ये 2021 पासून दुकानातील कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे, त्यांना धमकावणे किंवा शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध टोकियोने केलेला नियम 1 एप्रिल 2025 पासून लागू झाला आहे.

कायदे होतील तेव्हा होतील. तोवर व्यापारी संघटनांनी माल बदलून देण्याचे सोपे, समान नियम ठरवून ते प्रत्येक दुकानात ठळक अक्षरांत लावायला हवेत, म्हणजे काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला एकटीला वाद घालावा लागणार नाही. अपशब्द वापरणाऱ्याला माल न देता परत पाठवण्याची मोकळीक मी माझ्या दुकानातील कर्मचाऱ्यांना दिली आहे. त्यापायी गिऱ्हाईक गेले तर ते नुकसान माझे, त्यांच्या पगारातून ते वळते होणार नाही, असेही त्यांना सांगितले आहे. इतर दुकानदारांनीही याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक किरकोळ दुकानदार