नाटक शिकून खाणार काय?

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न.

धाकटा आपल्या गोव्याच्या कला अकादमीत नाटक शिकायचं म्हणतो आणि तुम्ही ‘खाणार काय?’ विचारता. बाबा, जत्रेच्या नाटकात तोंडाला रंग लावून तुम्ही स्वतः पहाटेपर्यंत उभे राहायचात, तेव्हा तुमचं वैर नाटकाशी नाही. काळजी पोटाची आहे. म्हणून इथल्या, पोर्तुगालमधल्या, एका नटाचं सांगते.

जुझे कोंदेसा. लिस्बनचा, जन्म १९९७चा. कशकाईशच्या नाट्यशाळेत शिकला आणि अगदी लहान वयात टीव्ही मालिकांत शिरला. पोर्तुगाल जेमतेम एक कोटीचा देश. नुसत्या नाटकावर घर चालणं कठीण. मालिका मात्र रोज रात्री घराघरात, आपल्यासारख्याच. त्यामुळे नट मंडळी दिवसा स्टुडिओत आणि रात्री रंगमंचावर, अशी कसरत करतात. २०२०मध्ये जुझेला ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीने एका मालिकेसाठी बोलावलं. भूमिका कसली, तर मेक्सिकन माणसाची! ब्राझीलची भाषाही पोर्तुगीजच, पण प्रेक्षक वीस कोटींचा. त्यात करोनाने चित्रीकरण मध्येच बंद पडलं.

मग २०२३चा मे. स्पॅनिश दिग्दर्शक आल्मोदोव्हारचा छोटा चित्रपट फ्रान्सच्या कान महोत्सवात लागला, त्यात नट पेद्रो पास्कालच्या पात्राच्या तरुणपणीचं काम याचं. त्याच महिन्यात नेटफ्लिक्सवर ‘राबु द पैश’ ही मालिका आली. पोर्तुगालच्या अझोरस बेटांवरच्या एका मासेमारी गावाची गोष्ट. २००१मध्ये तिथे कोकेनने भरलेली एक होडी खरंच किनाऱ्याला आली होती. जुझे त्यात कोळ्याचा मुलगा झालाय. मला तो सगळ्यात आवडला तो यात. डोळे मोठे करून अभिनय दाखवत नाही, गप्प उभा राहतो.

आता कडू भाग. इथल्या बहुतेक नटांना पगार नसतो. प्रत्येक कामाची पावती आपली आपण फाडायची. तिला अजून ‘हिरवी पावती’च म्हणतात, निघते मात्र संगणकावर. सामाजिक सुरक्षेचा हप्ताही स्वतःच भरायचा. करोनात थिएटरं बंद झाली तेव्हा या लोकांचे फार हाल झाले. २०२२पासून कलाकारांसाठी वेगळा कायदा आहे. काम थांबलं तर काही भत्ता मिळतो. आपल्याकडे तेवढंही नाही, हे धाकट्याला आधीच कळलेलं बरं.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक: लिस्बनच्या रोसियू चौकातलं राष्ट्रीय नाट्यगृह, राणी दोना मारिया दुसरी यांच्या नावाचं, १८४६मध्ये उघडलं ते इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या त्या धर्मछळाच्या न्यायालयाच्या, जुन्या कचेरीच्या जागेवर! ज्यांच्या भीतीने आपल्या पूर्वजांनी देव पाठीवर घेऊन नदी ओलांडली, त्यांच्या जागेवर नाटकाचं घर उभं राहिलं. मी तिथून जाताना दरवेळी मनात हसते.

तर मुद्दा असा. जुझेला मालिका आपल्याच शहरात मिळाल्या. धाकट्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागेल आणि तिथलं भाडं तुम्ही जाणता. भांडायचंच असेल तर त्या भाड्यावरून भांडा, अकादमीवरून नको. अकादमीचा खर्च मी पाठवते.

तुमची,
लेक

ता. क. ‘राबु द पैश’ बाबांनी जरूर बघावी. आई, तू नको बघूस. शिव्या फार आहेत.