अनस्किल्डच्या रकान्यातली मावशी

शहापूर, बेळगाव
रविवार, 16 फेब्रुवारी 2025

प्रिय दत्तू,

तुझा मेसेज तीन आठवडे फोनमध्ये तसाच पडून आहे. "तुमच्या संपापायी माझा बाप दोन तास ओल्यात पडला, आणि तू त्यांची बाजू घेतोस?" फोनवर बोललो असतो तर भांडलो असतो, आणि पन्नाशीत भांडलो तर पुन्हा जुळवायला वेळ कुणाकडे आहे? म्हणून कागद घेतला. घरातली मंडळी सुळग्याला जेवायला गेली आहेत, मला सर्दी झालीय म्हणून सुटलो.

आधी कबूल करून टाकतो. आबा ओल्यात पडले होते. खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, ऐंशीचं वय, आणि आमच्या दवाखान्यातल्या मावश्या संपावर, म्हणून चादर बदलायला माणूस नाही. तू चिडलास ते बरोबरच होतं. माझ्या बापाचं असं झालं असतं तर मी तुझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो असतो. पण त्या सकाळी काय झालं ते तू अर्धंच बघितलंस. उरलेलं अर्धं मला माहीत आहे, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी अकाउंट्सला बसतो हे तुला माहीत आहे. दर महिन्याला वॉर्डातल्या मावश्या, मामा आणि झाडलोटवाल्या पोरींचं बिल माझ्या टेबलावर येतं. पगार नव्हे, बिल. ही माणसं आमची नाहीत, गुत्तेदाराची आहेत. (गंमत बघ, तुमच्या पुण्यात ठेकेदार म्हणतात, इथे आपण गुत्तेदार म्हणतो आणि कन्नडात गुत्तिगेदार. सीमाप्रश्न सुटला नाही, पण हा शब्द कधीच इकडून तिकडे गेलाय.)

त्या बिलाचा हिशेब सांगतो, कारण तू म्हणतोस की पगार वाढवला तर बोजा पेशंटच्या डोक्यावर येणार. एका मावशीचा पगार 14,000 धर. त्यावर मालकाच्या बाजूचा पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) मिळून 2,275. या सगळ्यावर गुत्तेदाराचं कमिशन आठ टक्के. आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. झाले वीस हजार सातशे चाळीस. तिच्या हातात कापून जातं ते वजा करून 12,215 येतात, आणि गुत्तेदार त्यातून ड्रेसचे वेगळे कापतो.

आता यातली मेख बघ. दवाखान्याच्या उपचारावर जीएसटी नाही, त्यामुळे गुत्तेदाराला भरलेला जीएसटी दवाखान्याला परत वळता करून घेता येत नाही. तो गेला तो गेला. त्याच मावशीला थेट आमच्या रजिस्टरवर घेतलं तर हा टॅक्स लागतच नाही आणि कमिशनही वाचतं. माणशी साडेचार हजारांच्या आसपास. तिने मागितली होती तीन हजारांची वाढ. मी हे एका चिठ्ठीवर मांडून आमच्या मॅनेजरसाहेबांना दाखवलं होतं, संपाच्या आधी, डिसेंबरात. ते म्हणाले, "आकडा बरोबर आहे हो, पण रजिस्टरवर घेतलं की माणूस चिकटतो." म्हणजे आमचा दवाखाना जास्त पैसे मोजतो ते माणूस चिकटू नये म्हणून.

एकतर्फी लिहीत नाही. सरकारी योजनेतल्या पेशंटचे पैसे आमच्याकडे महिनोन्महिने उशिरा येतात, त्या फायलींच्या मागे मीच फिरतो. लहान दवाखान्याची ओढाताण खोटी नाही. पण आबांचं बिल माझ्याकडे आहे. त्यात 'नर्सिंग व स्वच्छता' म्हणून खाटेमागे दिवसाला 600 लावलेत. त्या वॉर्डात बारा खाटा, म्हणजे रोजचे 7,200. तिन्ही पाळ्यांत मिळून मावश्या चार, एकेकीचा रोज 540 च्या आत. सिस्टर लोकांचा पगार घाल, फिनेल घाल, तरी बघ काय उरतं ते.

पण संप पगारावरून पेटलाच नाही. एका मावशीच्या पोरानं फोनवर तिच्या पीएफचं पासबुक उघडलं, तर सात महिने रकाना कोरा. पगारातून कापलेले आणि मालकाचे मिळून महिन्याला 3,360, सात महिन्यांचे 23,520. दुसरीचं बघितलं, तिचंही कोरं. दुपारपर्यंत सगळा मजला फोन घेऊन जिन्यात बसला होता. गुत्तेदारानं भरलं नाही तर मूळ मालकानं भरायचं, कायदा तसाच आहे, आणि 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात मजुरीबद्दलही तेच लिहिलंय. मी ते जाणून होतो. दर महिन्याला त्याच्याकडून चलनाची पावती मागायची असते, ती मागितली नव्हती. मागायचं काम कुणाचं होतं ते मला विचारू नकोस.

त्यांनी रीतसर नोटीस दिली, पंधरा दिवस थांबल्या. मग 21 जानेवारीला मांडव घातला. त्याच दिवशी काँग्रेसची सभा, निम्मे रस्ते बंद, तू पुण्याहून आलेला आणि टॅक्सी अडकून पडलेली. आयसीयू, बाळंतपण आणि डायलिसिस त्यांनी संपातून वगळलं होतं, तिथे पाळीनं माणसं जात होती. जनरल वॉर्ड मात्र उघडा पडला. मॅनेजर मांडवात जाऊन म्हणाले, "दवाखाना म्हणजे काय कारखाना आहे संप करायला? ही सेवा आहे." मला हसू आलं. दवाखाना हा उद्योगच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये दिलाय, आणि खटला आपल्याच राज्यातला, बेंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाचा. हसलो, पण बोललो नाही. माझं न बोलणं या पत्रात तुला बऱ्याच ठिकाणी दिसेल.

मांडवात येळ्ळूरची एक मावशी सगळ्यांत पुढे. 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या पाटीवरून 2014 मध्ये जिथे लाठ्या चालल्या, तेच येळ्ळूर. ही बाई मूठ वर करून ओरडतेय, "बेके बेकू, न्याय बेकू!" म्हणजे न्याय हवाच. मी विचारलं, "मावशी, कन्नड कधीपासून?" तर म्हणाली, "साहेबाला जी भाषा कळतीया त्या भाषेत ओरडायचं बघा." तिच्या शेजारी गोकाकची कन्नड बाई, पलीकडे एक मुसलमान पोरगी, डबा तिघींचा एक. महाराष्ट्रानं 2023 मध्ये आपल्या सीमाभागातल्या 865 गावांना आरोग्य योजना देऊ केली तेव्हा कर्नाटक किती तापलं होतं आठवतं? पेशंट कुणाचा यावर दोन सरकारं भांडतात. त्या पेशंटचं भांडं कोण उचलतं, हा प्रश्न दोघांच्याही फायलीत नाही.

आमच्या वहिनीचंही तेच. ती आशा वर्कर आहे, गावातली आरोग्यसेविका. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूरला आंदोलनाला गेली, फ्रीडम पार्कात थंडीत झोपली, खोकला घेऊन परत आली. एप्रिलपासून महिन्याला किमान दहा हजार, असा शब्द मिळालाय. तिची मावसबहीण शिनोळीच्या पलीकडे, चंदगड तालुक्यात आशा. तिकडच्यांनीही संपच केला होता, तेव्हा 2024 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रानं पाच हजार वाढवले. दोघींच्या गावांत अंतर किती, तर सायकलवर जाऊन यावं इतकं. बाळ तेच, लसही तीच. वहिनी म्हणते, एप्रिल येऊ दे, मग बघू.

आता 23 तारखेची सकाळ.

तू औषधं आणायला गेला होतास. सिस्टर एकटी, तिच्याकडे सगळा वॉर्ड. तिनं खाली फोन केला की ऑफिसातलं कुणीतरी पाठवा, तर मी आणि सिक्युरिटीचा मामा वर गेलो. आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलास गा?" लाज वाटत होती त्यांना. मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून गणपती बघितलाय.

मी एका बाजूनं धरलं, मामानं दुसऱ्या. उचलायला गेलो आणि आबा असे कळवळले की सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. चादर जिथल्या तिथे. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तीस वर्षं या दवाखान्यात काढली, पण पडलेला माणूस कसा वळवायचा हे मला येत नाही.

तेवढ्यात येळ्ळूरची मावशी आली. मांडवातून उठून आली होती, घरच्या साडीवर, कुणीतरी खाली सांगितलं म्हणून. दारातूनच म्हणाली, "पाय वडू नका, सांधा निसटंल. उशी कुठाय? दोन गुडघ्यांच्या मधी उशी धरा आणि गप उभं ऱ्हावा." मग आबांना म्हणाली, "आजोबा, माझ्याकडं बघा. कुठलं गाव तुमचं?" आबा गाव सांगेपर्यंत तिनं त्यांना चांगल्या कुशीवर घेतलंसुद्धा. ओली चादर लांबीनं गुंडाळून पाठीशी सरकवली, तिला लागून कोरडी अंथरली, परत अलगद उताणं केलं, पलीकडून ओली ओढून घेतली. कंबरेखाली लाल झालंय का ते बघितलं, टाचा बघितल्या. खालच्या चहावाल्यानं हाक मारली आणि तो वर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आबा एकदाही कण्हले नाहीत.

आणि तू आलास. तिच्या अंगावर ड्रेस नव्हता, म्हणून तिला कुणाची तरी नातेवाईक समजलास. "थँक्यू मावशी, माणुसकी आहे बघा अजून," असं तिला म्हणालास, आणि वळून मला म्हणालास, "त्या संपवाल्यांना खाली चपलेनं मारलं पाहिजे." ती हात धुवायला गेली. मी काही बोललो नाही.

माझ्या पगारपत्रकात तिच्या नावापुढे रकाना आहे, त्यात 'अनस्किल्ड' असं लिहिलेलं असतं. ते दर महिन्याला मी टाइप करतो.

डिसेंबरात गांधीजींच्या 1924 च्या इथल्या काँग्रेस अधिवेशनाची शंभरी म्हणून गाव असं उजळलं होतं की दिवाळी फिकी. त्या अधिवेशनासाठी खणलेल्या काँग्रेस विहिरीवरून घरी येताना मला अहमदाबादच्या गिरणी संपाची आठवण झाली. 1917 मध्ये तिथे प्लेग पसरला, कामगार पळू नयेत म्हणून मालकांनी प्लेग बोनस दिला, आणि साथ ओसरली तसा तो काढून घेतला. 1918 मध्ये गांधीजी उपोषणाला बसले ते या भांडणात, 35 टक्के वाढीसाठी. कोरोनात आमच्याकडेही थाळ्या वाजल्या, मावश्यांना गेटवर हार घातले, जोखीम भत्ता देऊ म्हणाले. मी सगळे व्हाउचर चाळले आहेत. हारांचं बिल आहे.

संप चौथ्या दिवशी मिटला. पीएफ तीन हप्त्यांत भरायचा, पगारात दीड हजार, गुत्तेदार तोच. पण दोघींना परत घेतलेलं नाही. एक ही मावशी आणि दुसरी कंग्राळीची तेवीस वर्षांची पोरगी, जी नुसती मांडवात बसून घोषणा लिहीत होती. आरोप असा, की 23 तारखेला सकाळी वॉर्डच्या दारात पेशंट आणि नातेवाइकांना अडवलं, रुग्णसेवेत अडथळा आणला. आणि पुरावा म्हणून फायलीत काय लावलंय माहीत आहे? तक्रारवहीतलं तुझं पान. "संपवाल्यांमुळे वडिलांचे अतोनात हाल." खाली तुझी सही आणि मोबाइल नंबर. झेरॉक्स मीच काढली, दत्तू.

तू त्या सकाळी दारातून चार वेळा आत-बाहेर केलंस. कुणी अडवलं का तुला? मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर तसं लिही. नसेल, खरंच अडवलं असेल, तर तेही लिही, मी काही म्हणणार नाही.

मावशीला विचारल्याशिवाय हे पत्र लिहायला घेतलं नव्हतं. काल तिच्या घरी गेलो. आधी आबा बसतात का, काठी घेतात का, ते विचारलं. मग म्हणाली, "माझं एकटीचं लिहून घेणार असाल तर नको. माझ्यापाशी आजोबा हाईत सांगायला, त्या पोरीपाशी कोण हाय?" तेव्हा दोघींचं लिही. आबांची चादर कुणी बदलली तेही घाल, पण शेवटी. आधी दाराचं लिही.

मॅनेजरच्या नावानं लिही, साध्या कागदावर चालेल. वॉर्ड, खाट नंबर 7, गुरुवार 23 जानेवारी, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. एक प्रत मला पाठव, कारण फायलीत कागद लावायचं काम माझ्याकडेच आहे. यावेळी दोन झेरॉक्स काढतो, एक युनियनला देतो. जास्तीत जास्त काय होईल ते होईल. शुक्रवारी त्यांची लेबर ऑफिसात तारीख आहे, तेव्हा स्पीड पोस्टनं टाक, किंवा आबांची भेट घ्यायला येतोच आहेस तर हातानंच घेऊन ये.

तुझा,
नाना