दहिवर पडते म्हणून शेती अशक्य?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विद्यार्थ्यांच्या पानावर दक्षिण अमेरिकेची प्राकृतिक रचना आली होती. नकाशा सुबक होता. पण टिटिकाका सरोवराच्या छायाचित्राखाली लिहिले होते, ‘रात्री दव गोठत असल्याने या पठारावर शेती जवळजवळ अशक्य.’ मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निफाडला आमची थोडी द्राक्षबाग आहे. त्यामुळे ही ओळ काही पचली नाही. (गोठते ते दहिवर. दव आणि दहिवर यांतला फरक आपण मुलांना शाळेतच शिकवतो, तेव्हा निदान त्यांच्या पानावर तरी तो पाळावा.)

टिटिकाका आहे पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर, अँडीज पर्वतात, दक्षिण अक्षांश 16 अंशांच्या आसपास. विषुववृत्ताच्या अलीकडे तेवढेच अंतर मोजले तर गोवा-कोल्हापूर लागते. मग तिथे एवढी थंडी का? कारण सरोवराची उंची आहे 3,812 मीटर. कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तरी तिथवर पोचत नाही. हवा विरळ, दिवसा ऊन चटका देणारे आणि सूर्य बुडाला की सगळी उष्णता आकाशात निघून जाते. जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, एकाच दिवसात कडक ऊन आणि कडक गारठा दोन्ही मिळतात. तिथल्या आयमारा आणि केचुआ शेतकऱ्यांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला.

ते बटाटे उघड्या माळावर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हाने सैल पडतात. असे काही दिवस झाले की घरातली माणसे अनवाणी पायांनी ते तुडवतात. पाणी निथळते, साल सुटते. मग पुन्हा ऊन. उरतो तो ‘चुन्यो’: काळा, सुरकुतलेला, हातात घेतला तर वजनच लागत नाही. हा वर्षानुवर्षे टिकतो. उंचावर तग धरणाऱ्या काही जाती इतक्या कडू असतात की तशाच खाता येत नाहीत; त्यांचा कडवटपणाही या खटाटोपात कमी होतो. आपल्या घरी उन्हाळ्यात बटाटे उकडून, किसून गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घालतात, तेच हे वाळवण. फक्त आपल्याकडे सगळे काम उन्हाचे, तिथे निम्मे दहिवराचे. स्पॅनिश लोक येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांची कोठारे याच चुन्योने भरलेली असत आणि पुढे बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणीतले मजूर यावरच जगले. ज्या दहिवराने शेती ‘अशक्य’ केली म्हणता, त्यानेच माल टिकवायची सोय करून दिली!

पीक उभे असताना दहिवर शत्रूच, हे मान्य. त्यावरही तोडगा आहे. सरोवराच्या काठच्या सखल जमिनीत चर खणायचे, निघालेली माती मधे टाकून उंच वाफे करायचे आणि चरांत पाणी राहू द्यायचे. केचुआ भाषेत याला वारू-वारू म्हणतात. दिवसभर पाणी तापते, रात्री ती ऊब सोडते आणि वाफ्यावरची रोपे वाचतात. चरातला गाळ पुन्हा वाफ्यावर खत म्हणून. स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही पद्धत मोडीत निघाली होती. 1980च्या दशकात पुरातत्त्वज्ञ आणि गावकऱ्यांनी मिळून ती पुन्हा करून पाहिली. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर आला की पहाटे उठून मोटार सुरू करतो, विहिरीचे कोमट पाणी बागेला देतो आणि कडेने शेकोट्या पेटवतो, नाहीतर मणी तडकतात. वारू-वारूबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा मनात आले, हे लोक तर आपल्या भाऊबंदांतले निघाले. त्यांची मोटार मात्र न वाजता चालते.

लेखात पर्जन्यछायेचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. वास्तविक मुलांना तो चटकन समजला असता. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो आणि सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटाव कोरडे राहते. पेरूत उलटे आहे. बाष्प अमेझॉनच्या बाजूने, पूर्वेकडून येते, अँडीज ते अडवतो आणि पश्चिमेचा किनारा कोरडा. त्यात समुद्रातून हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो; त्यामुळे किनाऱ्यावर धुके दाटते, पण पाऊस पडत नाही. अशा पट्टीवर लिमासारखे सुमारे एक कोटी वस्तीचे शहर बसले आहे.

त्या शहराच्या वरच्या डोंगरात वामान्तांगा नावाचे गाव आहे. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी दगडी चरांनी वळवून डोंगरउतारावर मुद्दाम जिरवायचे आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, खालच्या झऱ्यांतून ते परत मिळवायचे, ही तिथली इंकांच्याही आधीची रीत. स्थानिक नाव ‘मामान्तेओ’, म्हणजे अंगावर पाजणे. धरणीला पान्हा फुटतो, असे आपणही म्हणतोच. समतल चरांचे माप पाठ असलेल्या आपल्या गावांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सगळेच प्रयोग टिकले असे नाही. चिलीतल्या चुंगुंगो गावाने 1992 पासून डोंगरावर जाळ्या लावून धुक्याचे पाणी पिण्यासाठी मिळवले. पुढे देखभाल ढासळली आणि जाळ्या गेल्या. ज्या गावात नळयोजना बंद पडलेली आहे त्याला याचे कारण विचारू नये.

आपल्या दहावीच्या पुस्तकात भारताशेजारी ब्राझील आहे, आणि ब्राझीलमध्ये अँडीज नाही. त्यामुळे हा डोंगर मुलांना बहुधा तुमच्याच पानावर भेटणार. म्हणून विनंती : दुरुस्ती छापताना नुसता ‘अशक्य’ शब्द काढून मोकळे होऊ नका, शेजारी चुन्योचे एक छायाचित्र द्या. मुलांना आधी तो दगड वाटेल. वाटू द्या.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
निफाड, जि. नाशिक