संरक्षण हवे, पण बित्रा रिकामे कशासाठी?

मा. संपादक,

लक्षद्वीपमधील बित्रा हे अख्खे बेट संरक्षण विभागांसाठी संपादित करण्याच्या दृष्टीने तेथील प्रशासनाने जुलै २०२५ मध्ये सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाची प्रक्रिया सुरू केली. २०११ च्या जनगणनेत या बेटावर २७१ माणसे होती आणि त्याचे क्षेत्रफळ एका चौरस किलोमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतके आहे. एवढ्याशा जागेत थोडी जमीन घेऊन बाकीची सोडणे शक्य नाही. जमीन गेली की गाव जाते आणि बेटाच्या शेकडो पट मोठ्या लगूनमधली (प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्यातली) मासेमारीही गावकऱ्यांच्या हातून सुटते.

बेटाचे सामरिक महत्त्व कोणी नाकारत नाही. पण लक्षद्वीपच्याच कवरत्ती बेटावर २०१२ मध्ये 'द्वीपरक्षक' आणि मिनिकॉयवर मार्च २०२४ मध्ये 'जटायू' हे नौदलाचे तळ सुरू झाले, ते वस्ती न उठवता. बित्रावर तसे का करता येत नाही, हे प्रशासनाने आधी सांगायला हवे.

जमिनीइतकाच प्रश्न पाण्याचाही आहे. या प्रवाळी बेटांवर नद्या नाहीत. मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहते आणि उपसा वाढला की विहिरी खाऱ्या होतात, मग तो उपसा लष्करी वसाहतीसाठी असो की पर्यटकांच्या निवासांसाठी. म्हणूनच २०११ च्या बेट संरक्षण क्षेत्र अधिसूचनेने लक्षद्वीपसाठी स्वतंत्र एकात्मिक बेट व्यवस्थापन आराखड्याची तरतूद केली. याउलट २०२१ च्या लक्षद्वीप विकास प्राधिकरण विनियमाच्या मसुद्यात कोणताही भाग नियोजन क्षेत्र (जिथल्या जमिनीचा वापर प्राधिकरण ठरवते) म्हणून जाहीर करण्याचे अधिकार प्रशासनाकडे दिले होते. त्या मसुद्याला बेटवासीयांनी केलेला कडवा विरोध मला आजही रास्त वाटतो.

सर्वांत खटकणारी बाब अशी की, २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मूल्यांकन करताना संबंधित पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. परंतु ही प्रक्रिया सुरू झाली तेव्हा तेथे निवडून आलेली पंचायतच अस्तित्वात नव्हती. निवडणुका होऊन पंचायत कामाला लागेपर्यंत संपादनाची पुढची पावले थांबवावीत, मूल्यांकनाचा संपूर्ण अहवाल बेटवासीयांना वाचता येईल अशा मल्याळम भाषेत जाहीर करावा आणि वस्ती कायम ठेवून तळ उभारण्याचा पर्याय त्यात तपासलेला असावा, अशी माझी मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक