मूल उशिरा बोलतंय म्हणून घरातली मराठी बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मूल दोन-अडीच वर्षांचं होऊनही बोलत नसलं, की आईवडिलांना हमखास एक सल्ला मिळतो: 'घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, पोराचा गोंधळ होतोय. एकच भाषा ठेवा.' सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. दोन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायचं थांबत नाही. ज्याला खरोखर अडचण आहे, ते दोन्ही भाषांत अडखळतं. उलट आई मराठी सोडून मोडक्या कन्नडमध्ये बोलू लागली, की तिची वाक्यं तुटक होतात, गाणी-गोष्टी बंद पडतात, आज्जीशी तर पोराचं बोलणंच खुंटतं. ज्याला जास्त बोलणं ऐकायला हवं, त्यालाच कमी मिळतं.

शब्द मोजतानाही गफलत होते. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द असावेत आणि त्याने दोन शब्द जोडायला लागावं. हे शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. 'नीरु' (पाणी), 'बा' (ये) अंगणवाडीतले, 'भाकरी', 'आज्जी' घरातले. एकाच भाषेत तपासलं तर चांगलं मूलही मागे दिसतं. पण दोन्ही मिळूनही बेरीज तोकडी असेल, तर 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणून थांबू नये.

आधी कान तपासावेत. पाठीमागे ताट वाजवलं आणि मूल वळलं, म्हणजे ऐकू येतं असं नव्हे. अर्धवट ऐकू येणारं मूलही ताटाला वळतं. 'स', 'श' असे बारीक आवाज मात्र त्याच्या कानापर्यंत पोचत नाहीत. कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी ओएई तपासणी काही मिनिटांची असते, पण सर्दी किंवा कानात मळ असेल तर ती बिघडते आणि पुन्हा करावी लागते. आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोचतो का, हे पाहणारी बेरा तपासणी मूल झोपेत असताना होते, म्हणून त्या दिवशी वाटेत त्याला झोपू देऊ नये. जिभेखालचा पडदा कापून घ्यायची घाई नको. अजिबात न बोलण्याचं ते कारण क्वचितच असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला वेखंड उगाळून मधातून चाटवणं तर टाळाच, त्या वयात मध धोक्याचा असतो.

बोलण्याचे उपचार (स्पीच थेरपी) आठवड्यातून एखाद-दोन वेळा, बाकीचं काम घरात. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण टीव्ही-मोबाईल बंद हवा आणि आपलं तोंड मुलाच्या डोळ्यांसमोर हवं. समजा, त्याने तांब्याकडे बोट दाखवलं. लगेच पाणी देऊ नका. तांब्या हातात धरून 'पाणी?' म्हणा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. हे गप्प राहणंच मोठ्यांना सर्वांत जड जातं. 'पा' एवढंच आलं तरी 'पाणी, थंड पाणी' म्हणत लगेच द्या. काहीच आलं नाही तरी शब्द म्हणून द्या. पाणी अडवून धरू नये. 'म्हण, पाणी म्हण' असा लकडा लावला की मूल तोंड फिरवतं, किंवा पोपटासारखं म्हणतं आणि तहान लागली की पुन्हा बोटच दाखवतं.

मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा यायची असतात. तपासणीच्या कागदावर 'घरात बोलली जाणारी भाषा' हा रकाना असावा, पालकांना विचारायचे प्रश्न मराठीतही छापावेत आणि घरच्या सरावाचा कागद आईच्या भाषेत मिळावा, अशी आमची आरोग्य खात्याला विनंती आहे. पालकांनीही थेरपिस्टकडे पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचाराव्यात: अशा थेरपिस्टची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि मुलाला दोन्ही भाषांत तपासणार का. थेरपिस्टना मराठी येत नसेल तर दोन्ही भाषा येणारं घरातलं कुणी सोबत न्यावं, आणि मूल आठवडाभरात जे जे बोललं ते जसंच्या तसं वहीत लिहून न्यावं.

आपले,
वाक्-श्रवण उपचार क्षेत्रातील कार्यकर्ते, बेळगाव