बाग विकायची नाही

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेली जाहिरात वाचली. 'स्टेमसेलचं इंजेक्शन घ्या, नसा नव्या होतील' असल्या बोलण्यावर तासगावची बाग विकायची नाही. माझ्या एमएसवर (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्याचा आजार) होणार आहे ते वेगळंच: माझ्याच मूळ पेशींचं, म्हणजे स्टेमसेलचं, प्रत्यारोपण.

आई, तुझा बोनमॅरो नको, माझाच मला चालतो. आधी औषधं आणि इंजेक्शनं देऊन मूळ पेशी हाडांतून रक्तात उतरवतात. मग रक्त यंत्रातून फिरवून पेशी तेवढ्या काढून घेतात आणि गोठवतात. त्यानंतर जबर केमो. माझ्याच मेंदू-मणक्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती मोडून काढायची ती त्यानंच. गोठवलेल्या पेशी सलाईनसारख्या परत चढवतात, त्या रक्त पुन्हा तयार व्हावं म्हणून. नसा त्या दुरुस्त करत नाहीत. डावा पाय फरफटतो तो कदाचित तसाच राहील. पुढचा झटका, म्हणजे आजार अचानक उसळतो तो, येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

२०१९ साली ११० एमएस रुग्णांवरचा अभ्यास आला. औषधं चालू असूनही झटके येणारे, माझ्यासारखेच. नेहमीच्या औषधांच्या गटात ३४ जणांचा आजार वाढला, प्रत्यारोपणाच्या गटात तिघांचा. त्यात कोणी दगावलं नाही, पण इतरत्र थोडे का होईना दगावलेत, हेही सांगते. माझं वय कमी आणि आजार अजून झटक्यांचा, म्हणून डॉक्टर तयार झाले. हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारात याचा फारसा उपयोग होत नाही.

(आई, एवढं बाबांना वाचून दाखवू नकोस: केमोनं मूल होणं अवघड होऊ शकतं, म्हणून आधीच बीजं गोठवून ठेवली आहेत. सासूबाईंना मी सांगितलंय, त्या उलट मलाच धीर देत होत्या.)

पांढऱ्या पेशी तळाला जातील तेव्हा एकटीच्या खोलीत ठेवतील. तेव्हा ताजी द्राक्षं नकोत, दही नको, देवाचा अंगारासुद्धा नको. केस जातील, व्हिडिओ कॉलवर रडायचं नाही. पुढे लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतील. बाबा, सुई बघून मी कशी पळायचे आठवतंय ना?

फळछाटणी सोडून तुम्ही येऊ नका, बाबा. आई एकटी आली तरी पुरे, पण साधी सर्दी असली तरी एसटीत बसायचं नाही.

तुमची,
ताई